सिलेंडर रिकामा नव्हता

पोलीस ठाणे सावरटेक, ता. मोताळा, जि. बुलढाणा
मयत मनकर्णाबाई रामभाऊ खर्चे, वय ६४, यांच्या मृत्यूच्या चौकशीकामी जबाब
दिनांक २४/१०/२०२५, वेळ सकाळी ११.१५

नाव : शारदा माणिकराव तायडे
वय : ४७ वर्षे
धंदा : नोकरी, अधिपरिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र, सावरटेक
राहणार : सावरटेक, बौद्धवाडा, समाजमंदिराच्या मागे

मी वरील नावाची, बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर आहे आणि विचारल्याप्रमाणे सांगते, ते असे :

वरील पत्त्यावर मी पती व सासूबाई यांच्यासोबत राहते. सावरटेकच्या आरोग्य केंद्रात मी सन २००६ मध्ये रुजू झाले. मध्ये तीन वर्षे सोनाळ्याला बदली होती, त्यानंतर परत इथेच आले. केंद्रात परिचारिकेची तीन पदे आहेत. एक पद दोन वर्षांपासून भरलेले नाही. दुसऱ्या सिस्टर प्रसूती रजेवर आहेत. तिसरी मी.

दि. १४/१०/२०२५, मंगळवार रोजी मी सकाळी आठ वाजता ड्युटीवर होते. त्याआधीची पाळीही माझीच होती. वैद्यकीय अधिकारी डॉ. शंतनु पाठक हे बुलढाण्याला बैठकीसाठी गेले होते, तसा लेखी आदेश होता. केंद्राची रुग्णवाहिका सातच्या सुमारास एक अडलेली बाळंतीण घेऊन जिल्हा रुग्णालयात गेली होती. केंद्रात मी, शिपाई वैजनाथ सुरडकर आणि आशा कार्यकर्ती रुख्मिणी असे तिघे होतो. रुख्मिणी लसीकरणाची यादी द्यायला आली होती. लाईट पहाटेपासून गेलेली होती.

साधारण ८.४० वाजता एक ट्रॅक्टर फाटकातून आत आला. ट्रॉलीत सात बाया होत्या. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, निघालेल्या बायांची पिकअप गाडी नाल्याच्या वळणावर उलटली, असे ट्रॅक्टरवाल्याने सांगितले. मागून आणखी येत आहेत, असेही तो म्हणाला. दहा मिनिटांत एक जीप आणि दोन मोटारसायकलींवरून बाकीच्या आल्या. एकूण एकोणीस जखमी होते, अठरा बाया व गाडीचा ड्रायव्हर.

मी ८.४२ वाजता १०८ ला फोन लावला. दोन गाड्या पाठवतो, चाळीस-पन्नास मिनिटे लागतील, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी निघतोय. सिस्टर, मी येईपर्यंत तुम्हीच डॉक्टर. आधी सॉर्टिंग करा." सॉर्टिंग म्हणजे कोणाला आधी पाहायचे आणि कोणाला नंतर, हे ठरवणे.

याचे मला प्रशिक्षण आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, होय. सन २०१९ मध्ये दोन दिवसांचे झाले होते. तिथे मैदानात माणसे झोपवून त्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या अडकवल्या होत्या. चिठ्ठीवर श्वास, नाडी वगैरे लिहिलेले होते. आम्ही चिठ्ठी वाचून रंग ठरवायचा होता. मला त्यात चांगले गुण मिळाले होते. त्या सरावात नातेवाईक नव्हते.

मी ओट्यावर उभी राहून मोठ्याने सांगितले की, ज्यांना स्वतःच्या पायाने चालता येते त्यांनी अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसा. मागून बाकीच्या आल्यावर पुन्हा तसेच सांगितले. असे एकूण दहा जण उठून गेले. ड्रायव्हर त्यांच्यातच होता, त्याचा हात मोडलेला होता. रुख्मिणीला त्यांच्याजवळ उभे केले. कोणी झोपायला लागली, उलटी केली किंवा वेडेवाकडे बोलायला लागली तर मला हाक मार, एवढेच तिला सांगितले. ते काम तिने नीट केले. तिचे नाव कोणत्याही अहवालात आलेले नाही म्हणून इथे सांगते.

उरलेल्या नऊ जणी वऱ्हांड्यात आणि अंगणात होत्या. चिठ्ठ्या किंवा रंगीत पट्ट्या केंद्रात नव्हत्या. पोलिओच्या मोहिमेत मुलांच्या बोटावर खूण करायचे पेन माझ्या ॲप्रनच्या खिशात होते. त्याने मी प्रत्येकीच्या उजव्या हातावर आकडा लिहिला. १ म्हणजे आत्ता, २ म्हणजे थोडे थांबता येईल, ३ म्हणजे लिंबाखालच्या. एका बाईला मी पाऊण मिनिटाच्या वर वेळ दिला नाही. श्वास चालू आहे का, किती आहे, रक्त कुठून जाते, बोललेले कळते का, एवढे पाहिले आणि पुढे गेले. रक्त थांबवण्यापुरते दाबून बांधले. बाकी काही केले नाही. एक बाई माझा पदर धरून होती. तिची बोटे मला सोडवावी लागली. तिच्या हातावर २ लिहिले होते. ती आता बरी आहे.

मयत मनकर्णाबाई या पहिल्या ट्रॅक्टरमधून आल्या. सोंगणीच्या टोळीच्या त्या मुकादम होत्या व गाडीत मागच्या फळक्यापाशी उभ्या होत्या, असे इतर बायांनी नंतर सांगितले. त्यांच्या उजव्या कानातून रक्त येत होते. हाक मारली, चिमटा काढला, प्रतिसाद नव्हता. एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली होती. श्वास होता, पण मिनिटाला आठ. नाडी लागत होती. मी त्यांच्या हातावर १ लिहिले आणि त्यांना ऑक्सिजन लावला. त्या वेळी माझ्यासमोर सात जणी होत्या व ऑक्सिजन लागणाऱ्या त्या एकट्याच होत्या. वेळ ८.४८.

केंद्रात ऑक्सिजनचे यंत्र आहे, ते लाईटवर चालते. भरलेला सिलेंडर एक होता. दुसरा रिकामा होता, भरून आणण्यासाठी तालुक्याला पाठवलेला होता.

८.५५ वाजता त्यांचा मुलगा भागवत रामभाऊ खर्चे, वय ४०, शेतातून मोटारसायकलवर आला. भागवत यांची पत्नी अन्नपूर्णा हीसुद्धा त्याच गाडीत होती. तिच्या मांडीला खोल जखम होती, हातावर २ लिहिलेले होते. भागवत तिच्या पुढून गेले आणि आईजवळ बसले. "शिस्टर, माय बोलून नाही राह्यली," असे ते म्हणाले. मी त्यांना काम दिले. आईचे डोके न हलवता जबडा दोन्ही बाजूंनी असा पुढे धरून ठेवा, म्हणजे जीभ मागे पडणार नाही, हे करून दाखवले. त्यांनी तसे धरले. ते चांगले धरत होते.

जीपमधून आलेल्यांमध्ये मयुरी देवानंद इंगळे, वय २३, रा. धामणगाव बढे, ही होती. तिचे नाव मला त्या वेळी माहीत नव्हते. तिची छाती गाडीच्या दांड्याखाली दबली होती. ती शुद्धीवर होती. श्वास मिनिटाला चव्वेचाळीस होता. ओठ निळे पडलेले होते. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ७६ आला. तिला बोलता येत नव्हते, ती नुसती माझ्याकडे पाहत होती. मी तिला पाठीला उशा लावून अर्धवट बसवले. आकडा ७४ झाला.

मी परत मनकर्णाबाईंकडे गेले. श्वास मिनिटाला पाच झाला होता, तोही मध्ये थांबून थांबून. आता दोन्ही बाहुल्या मोठ्या होत्या. उजेडाने हलत नव्हत्या.

वेळ ९.०४. मी त्यांच्या तोंडावरचा मास्क काढला, दुसरा मास्क जोडला आणि सिलेंडर ओढत मयुरी इंगळे हिच्याकडे नेला. वैजनाथने सिलेंडरच्या गाड्याचे चाक उचलायला मदत केली, पण त्याला मी काय करते आहे ते माहीत नव्हते. निर्णय माझा एकटीचा आहे. डॉक्टरांना फोन करून विचारले नाही. विचारायला लागणारा वेळ माझ्याजवळ होता का, याचे उत्तर मला देता येत नाही.

भागवत तेव्हा म्हणाले, "बाई, हे काय करून राह्यल्या? माही माय जित्ती आहे अजून!"

मी म्हटले, "भाऊ, जबडा सोडू नका."

एवढेच बोलले. जास्त बोलायला पाहिजे होते.

ऑक्सिजन लावल्यावर मयुरीचा आकडा पाच मिनिटांत ८८ वर आला. त्यानंतर मी दोन सलाईन लावल्या, अन्नपूर्णाच्या मांडीवर दाबपट्टी बदलली, एकीचा मोडलेला पाय पुठ्ठ्याला बांधला. मध्येच रुख्मिणीने हाक मारली म्हणून लिंबाखाली गेले. तिथल्या एका म्हातारीला घाम सुटून चक्कर आली होती, तिचे पोट ताठ झालेले होते, म्हणजे आत रक्तस्राव होत असावा. तिच्या हातावरचा ३ खोडून १ केला. या सर्वांच्या वेळा मी नंतर अंदाजाने लिहिल्या आहेत, त्यात पाच-सात मिनिटांचा फरक असू शकतो.

एक चूक माझ्याकडून झाली, ती कोणी विचारलेली नाही, तरी सांगते. प्रशिक्षणात असे शिकवले आहे की, ज्याच्यासाठी आपल्याजवळ आहे त्या साधनांत काही करता येण्यासारखे उरलेले नाही, त्याचा आकडा बदलायचा आणि फुली मारायची. म्हणजे मागून येणारी मदत चुकीच्या जागी थांबत नाही. मनकर्णाबाईंच्या हातावरचा १ मी खोडला नाही. पेन माझ्या हातात होते. भागवत त्यांचे डोके मांडीजवळ धरून बसले होते आणि हात त्यांच्यासमोरच होता. मी खोडले नाही.

९.३१ वाजता १०८ ची पहिली गाडी आली. त्यातले डॉक्टर उतरले आणि हातावर १ पाहून सरळ मनकर्णाबाईंजवळ बसले. त्यांनी तपासायला सुरुवात केली. मयुरीचा श्वास तेव्हा परत वाढत होता. मला अंगणापलीकडून सांगावे लागले, "सर, त्या नाही. आधी ह्या." मी मोठ्याने बोलले, कारण तिथे गलका होता. डॉक्टरांनी मनकर्णाबाईंकडे एकदा पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते उठले. दोन मिनिटे गेली असतील. फुली मारली असती तर ती दोन मिनिटे गेली नसती आणि मला ते वाक्य भागवत यांच्यासमोर अंगणातून ओरडून बोलावे लागले नसते.

 भागवत यांनी जबडा सोडला नव्हता.

पहिल्या गाडीतून मयुरी इंगळे व पोट ताठ झालेली म्हातारी, अशा दोघींना पाठवले. मयुरीसोबत सिलेंडर दिला नाही, गाडीत त्यांचा होता. आमचा सिलेंडर मी परत मनकर्णाबाईंकडे आणला व ९.४० वाजता त्यांना लावला. त्याचा उपयोग नव्हता. तरी लावला. ९.५२ वाजता त्यांचा श्वास थांबला. नाडी पाहिली, छातीवर नळी ठेवून ऐकले. १०.२५ वाजता डॉ. पाठक आले व त्यांनी मृत घोषित केले. बाकी सर्व जखमी दुपारी एकपर्यंत बुलढाण्याला पोहोचले. त्यांपैकी कोणीही आजपर्यंत दगावलेले नाही. मयुरी इंगळे हिच्या छातीत नळी टाकली होती, ती दि. २२, बुधवारी काढली, असे मला तिथल्या वॉर्डातल्या सिस्टरने फोनवर सांगितले.

सिलेंडर संपला होता का, असे मला विचारण्यात आले. त्यावरून सांगते की, सिलेंडर रिकामा नव्हता. ९.०४ वाजता काटा अर्ध्याच्या वर होता. दि. १६ रोजी दुपारी मला एक फोन आला. सिलेंडर संपल्यामुळे ऑक्सिजन बंद पडला, असे सांगितले तर विषय तिथेच संपेल, कोणावर काही येणार नाही, असे त्या व्यक्तीने म्हटले. आवाजावरून ती व्यक्ती माझ्या भल्यासाठी बोलत होती. नाव मला सांगायचे नाही. मी त्यांना सांगितले की, तसे लिहिले तर पुढच्या वेळी जी सिस्टर तिथे असेल ती सिलेंडर भरून ठेवेल आणि तिला वाटेल की आता प्रश्न मिटला. त्यांनी फोन ठेवला.

भागवत खर्चे यांच्या तक्रार अर्जात असे आहे की, मयुरी इंगळे ही माझ्या समाजाची असल्यामुळे मी त्यांच्या आईचा ऑक्सिजन काढून तिला दिला. अर्ज मला वाचून दाखवला. त्यावर माझे म्हणणे असे की, ती कोण, कुठली, हे मला संध्याकाळी रजिस्टर लिहिताना समजले. तिच्या तोंडावर माती व रक्त होते.

मयत मनकर्णाबाई यांना मी ओळखत होते का, असे विचारल्यावरून सांगते की, एकोणीस वर्षांपासून ओळखत होते. टोळीतल्या बायांना त्या तपासणीसाठी स्वतः घेऊन येत. बाई यायला कुरकुरली तर तिला बाहेरच्या बाकावर बसवून स्वतः दारात उभ्या राहत. सन २०२० मध्ये कोरोनाच्या ड्युटीवर असताना सासूबाईंना दमा असल्याने मी घरी जात नव्हते. गावात खोली कोणी देत नव्हते. तेव्हा सव्वादोन महिने मी मनकर्णाबाईंच्या मागच्या खोलीत राहिले. जेवणाचे ताट त्या दाराशी ठेवत आणि मी जेवेपर्यंत अंगणात लांब बसून गावातले काय काय सांगत. भागवत मला तेव्हा पाणी भरून देत. हे त्यांनाही माहीत आहे. अर्जात ते नाही. रागात लिहून दिले असेल. ते माझे मत आहे व मत विचारलेले नाही.

म्हणजे ओळखीच्या बाईचा ऑक्सिजन काढून अनोळखी बाईला लावला का, असे जबाब घेणाऱ्या हवालदार साहेबांनी विचारले. होय.

परत तशी वेळ आली तर काय कराल, असेही विचारले. तेच करीन. फुली मारीन.

त्या दिवशी दुपारी मी वऱ्हांडा धुवायला वैजनाथला मदत केली. तीन वाजता लसीकरणाच्या राहिलेल्या चार बाळांना लस दिली, कारण त्या आया सकाळपासून बाहेर बसून होत्या. संध्याकाळी रजिस्टर पूर्ण केले. घरी गेल्यावर सासूबाईंनी डबा न खाता का परत आणला, असे विचारले. मी झोपले.

अन्नपूर्णा खर्चे हिच्या मांडीला अकरा टाके आहेत. तिला दि. १७ रोजी घरी सोडले. जखम दिवसाआड धुऊन पट्टी बदलावी लागते. तिला चालत केंद्रात येता येत नाही आणि दुसरी सिस्टर नाही, म्हणून मी त्यांच्या घरी जाते. पहिल्या दिवशी मी अंगणात गेले तेव्हा भागवत उठून बाहेर निघून गेले. दुसऱ्या खेपेला ते बाजेवर बसून राहिले. दिवाळी होती, पण त्यांच्याकडे काही केलेले नव्हते. अन्नपूर्णा माझ्याशी बोलते. तक्रार दिल्याचे तिने मला सांगितले व रडली. मी तिला पाय हलवू नकोस म्हटले.

काल दि. २३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी पट्टी बदलत असताना भागवत दारात येऊन उभे राहिले. मी काम थांबवले नाही. जखम धुऊन झाल्यावर त्यांनी विचारले, "शिस्टर, तोंडावरची नळी काढली तवा मायले समजलं असन का?"

मी म्हटले, "नाही भाऊ. तिले काहीच समजत नव्हतं तवा. दुखतही नव्हतं."

"खरं सांगून राह्यल्या नं?"

"हो."

ते थोडे आत आले. भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "मंग मी जे तिच्या कानात बोलून राह्यलो होतो, तेबी नाही गेलं तिले?"

ते काय बोलत होते, हे मला माहीत नाही. मी ऐकले नव्हते. मी दुसऱ्या बाईजवळ होते.

अन्नपूर्णाने माझ्याकडे पाहिले. मी पट्टीचे टोक चिकटवले. त्यानंतर म्हटले, "ते ऐकू गेलं असन. ऐकणं सगळ्यात शेवटी जाते माणसाचं."

भागवत यांनी मान हलवली. अन्नपूर्णाने त्यांना मला चहा ठेवायला सांगितले. ते उठले व त्यांनी चहा ठेवला. मी तो पिऊन निघाले. तक्रारीविषयी आमच्यात काही बोलणे झाले नाही. ती त्यांनी मागे घ्यावी, असे मी म्हटलेले नाही व आजही माझे तसे म्हणणे नाही.

ऐकणे सर्वात शेवटी जाते, असे आम्हाला शिकवलेले आहे. त्या दिवशी मनकर्णाबाईंच्या बाबतीत ते खरे होते का, हे मला ठाऊक नाही. बहुतेक नसावे. या जबाबातल्या बाकी सर्व गोष्टी मी स्वतः पाहिलेल्या किंवा केलेल्या आहेत.

मला याशिवाय काही सांगायचे नाही. उद्या अन्नपूर्णा खर्चे हिचे टाके काढायचे आहेत, तरी पुन्हा बोलवायचे असल्यास दुपारनंतर बोलवावे, ही विनंती.

हा जबाब हवालदार साहेबांनी संगणकावर घेतला व सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी वेळ चुकली होती, ती मी सांगून दुरुस्त करून घेतली. "ऑक्सिजन बंद पडला" असे एका ठिकाणी लिहिले गेले होते, ते खोडून "मी काढला" असे करण्यास सांगितले व तसे केले. आता तो मी बोलले तसाच आहे, म्हणून खाली सही करते.

(सही)
शारदा माणिकराव तायडे

समक्ष
(सही)
तपासी अंमलदार, पोलीस ठाणे सावरटेक